एक्लिप्सच्या पायावर उभा राहिलेला एक उर्दू-मराठी कोश

'फाजील' हा शब्द माझ्या वर्गात दर वर्षी एकदा तरी घोळ घालतो. उर्दू माध्यमाच्या मुलाला फाजिल म्हणजे विद्वान माणूस. मराठीच्या धड्यात 'फाजील लाड' आले की तो विचारतो, "सर, लाड विद्वान कसे?" तसेच राजीनाम्याचे. उर्दूत राजीनामा म्हणजे दोन पक्षांनी राजी होऊन केलेला करार. मराठीत मात्र राजीनामा दिला की माणूस नोकरी सोडून घरी जातो. हैरान आणि हैराण, गुनाह आणि गुन्हा, तालीम आणि तालीम, मजकूर आणि मजकूर. शब्द एकाच घरातले, पण शे-दोनशे वर्षांत त्यांच्या वाटा फुटल्या. असे शब्द मी नोकरीच्या पहिल्या वर्षापासून एका वहीत उतरवून ठेवत होतो.

माधवराव पटवर्धनांचा, म्हणजे माधव ज्यूलियनांचा, फार्सी-मराठी कोश १९२५चा. श्रीपाद जोशींनी उर्दू-मराठी कोशासाठी केलेले काम मोठेच आहे. पण हे कोश मराठी वाचकाला उर्दू-फारसी शब्दाचा अर्थ सांगण्यासाठी बनले. माझ्यासमोरचा मुलगा उलट दिशेने येतो. शब्द त्याच्या ओळखीचाच असतो, आणि नेमकी तीच अडचण असते. त्यामुळे वहीत प्रत्येक शब्दापुढे तीन घरे होती: उर्दूतला अर्थ, मराठीतला अर्थ, आणि मूल नेमके कुठे चुकते त्याचे उदाहरण.

२००८ साली ही वही मी संगणकावर चढवायला घेतली आणि तिथून या लेखाचा खरा विषय सुरू झाला. आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी 'एक्लिप्स आरसीपी' हे नाव ऐकले नसेल. सॉफ्टवेअरच्या इतिहासातले ते एक प्रकरण आहे आणि दोन लिप्यांत जगणाऱ्या माणसांशी त्याचा जवळचा संबंध आहे, निदान माझा तरी आला.

तेव्हा शाळेतल्या संगणकावर विंडोज एक्सपी होते. त्यात उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांसाठी सेटिंगमध्ये जाऊन वेगळी खूण करावी लागे आणि मग यंत्र विंडोजची सीडी मागे. सीडी कोणाकडे? कोणाकडेच नाही. ती मिळवण्यात पंधरा दिवस गेले. नंतर एक्सेलमध्ये एका घरात उर्दू, शेजारच्या घरात मराठी असे भरले, तर उर्दू वाक्यात एखादा मराठी शब्द आला की पूर्णविराम आणि कंस भलतीकडे जाऊन बसत. अकारविल्हे लावायला सांगितले तर 'पानी' हा शब्द 'वक्त'च्याही नंतर गेला.

याचे कारण कळले तेव्हा हसूच आले. युनिकोडमध्ये अरबी अक्षरांना आधी लागोपाठ क्रमांक मिळाले. पे, चे, गाफ, टे, डाल ही अरबीत नसलेली अक्षरे मागाहून, पुढच्या क्रमांकांवर बसवली गेली. क्रमांकावरच विसंबणाऱ्या यंत्राच्या दृष्टीने 'पे' हे शेवटच्या बाकावरचे पोर. मराठीतही तेच. 'ळ' क्रमांकाने 'ल'च्या शेजारी आहे, आपण मात्र वर्णमाला म्हणताना तो 'ह'च्या नंतर घेतो.

माझा एक जुना विद्यार्थी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. त्याला प्रोजेक्ट हवा होता आणि मला कोश. मी म्हटले, "बेटा, वेबसाइट नको. मी मढला राहतो. पावसाळ्यात वीज जाते, नेट तर त्याआधीच जाते. वर्सोव्याची बोट बंद झाली की शाळेत पोचायलाही मालवणीला वळसा घालून जावे लागते. मला पेनड्राइव्हवरून कुठेही चालेल असे काहीतरी दे." आठ दिवसांनी तो आला आणि म्हणाला, "सर, सगळं नव्याने लिहायची गरज नाही. पाया तयार आहे. त्यावर फक्त आपलं घर बांधायचं."

हा पाया कुठून आला? आपल्याकडच्या एका जुन्या गोष्टीपासून सुरुवात करतो, कारण तिच्यात हीच कल्पना वेगळ्या रूपात आहे. १९८०च्या दशकात आयआयटी कानपूरमध्ये मोहन तांबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतीय लिप्यांसाठी 'जिस्ट' हे तंत्र विकसित केले. १९८८मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झाले आणि हे काम तिथे आले. जिस्टचे एक कार्ड होते. संगणक उघडून आतल्या खाचेत ते बसवायचे. मग डॉसवर चालणारे मूळ इंग्रजी प्रोग्राम, ज्यांच्या कर्त्यांनी देवनागरीचा विचार स्वप्नातही केला नव्हता, ते देवनागरीत अक्षरे दाखवू लागत. फारसी-अरबी वळणाच्या लिप्यांचीही सोय जिस्टमध्ये होती. प्रोग्रामला हात लावायचा नाही, बाहेरून एक तुकडा जोडायचा आणि त्याला नवी भाषा शिकवायची.

पण कार्ड ते कार्ड. ते काढून घेतले की संगणक पुन्हा इंग्रजी. शिवाय ब्राह्मी कुळातल्या लिप्यांसाठी इस्की ही एक संकेतावली आणि उर्दूच्या लिपीसाठी वेगळी. मराठी आणि उर्दू एकाच संकेतावलीत शेजारी बसल्या त्या युनिकोडमुळे. आणि १९९६मध्ये आलेल्या जावा या भाषेने पहिल्या आवृत्तीपासूनच मजकूर युनिकोडमध्ये धरला. पुढचा सगळा प्रकार जावात आहे, म्हणून हे सांगितले.

कॅनडातल्या ओटावा शहरात ऑब्जेक्ट टेक्नॉलॉजी इंटरनॅशनल, म्हणजे ओटीआय, नावाची कंपनी होती. १९९६मध्ये आयबीएमने ती विकत घेतली. प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी साधने बनवणे हे तिचे काम. तिथल्या मंडळींनी एक नवे साधन घडवले. त्यात सगळी कामे एकाच मोठ्या प्रोग्रामात कोंबण्याऐवजी प्रत्येक काम वेगळ्या प्लग-इनमध्ये ठेवले. नोव्हेंबर २००१मध्ये आयबीएमने ते सर्वांसाठी खुले केले. त्या वेळी या दानाची किंमत ४ कोटी डॉलर सांगितली गेली. नाव ठेवले एक्लिप्स, ग्रहण. जावाची मालकी सन मायक्रोसिस्टिम्सकडे होती, म्हणून सूर्याला ग्रहण लावले असा विनोद लोकांनी केला. सन शेवटपर्यंत त्यात सामील झाली नाही. (ग्रहणाचा कोणाच्या जन्ममृत्यूशी संबंध जोडू नये, ही शिकवण आपल्याला पैगंबरांच्या मुलाच्या, इब्राहिमच्या, निधनाच्या प्रसंगापासून मिळाली आहे. सॉफ्टवेअरवाल्यांना ती माहीत नसावी.)

सुरुवातीला एक्लिप्स हे कारागिराचे अवजार होते. प्रोग्राम लिहायचा, तपासायचा, चुका शोधायच्या. पण रचना अशी होती की मध्यभागी एक छोटा गाभा आणि बाकी सगळी प्लग-इन. जावा लिहिण्याची सोयसुद्धा एक प्लग-इनच. प्रत्येक प्लग-इनसोबत एक फाइल असते. मी काय करतो, मला कोण कोण लागते आणि माझ्यात इतरांनी कुठे भर घालावी, हे तीत लिहिलेले असते. या भर घालायच्या जागेला 'एक्स्टेन्शन पॉइंट' म्हणतात. मेनू बनवणारे प्लग-इन म्हणते, माझ्याकडे मेनूत ओळी टाकायची जागा आहे. दुसरे म्हणते, माझी ही ओळ घे. दोघांच्या कर्त्यांनी एकमेकांचे तोंडही पाहिलेले नसते. आणि ती ओळ कोणी दाबेपर्यंत दुसऱ्या प्लग-इनचा कोड सुरूही होत नाही, मेनूत त्याचे फक्त नाव दिसते. शेकडो प्लग-इन असूनही यंत्र गुदमरत नाही ते यामुळे.

मग एक गंमत झाली. काही जणांच्या लक्षात आले की यातून प्रोग्रामिंगची प्लग-इन काढून टाकली तर खिडक्या, मेनू, मदत, सेटिंगची पाने, कोणती चौकट कुठे ठेवली होती हे लक्षात ठेवणे, एवढे सगळे उरते. हा ऐवज कोणत्याही प्रोग्रामला लागतो. लोक आपापल्या परीने एक्लिप्स सोलून काढू लागले. अडचण अशी की सोलताना साल पुरती निघत नसे. फायली, प्रोजेक्ट, कंपायलर यांच्या कल्पना खिडक्यांच्या कोडमध्येही शिरलेल्या होत्या. मग एक्लिप्सच्याच लोकांनी हे काम हाती घेतले. जानेवारी २००४मध्ये एक्लिप्स फाउंडेशन ही स्वतंत्र संस्था झाली आणि जूनमध्ये ३.० ही आवृत्ती आली. तीत खिडक्यांचा भाग प्रोग्रामिंगच्या भागापासून वेगळा करून 'रिच क्लायंट प्लॅटफॉर्म' या नावाने दिला. हेच ते आरसीपी.

त्याच आवृत्तीत गाभाही बदलला. प्लग-इन जोडण्या-सोडण्याची स्वतःची पद्धत टाकून त्यांनी ओएसजीआय हे प्रमाण स्वीकारले. ते १९९९मध्ये घरातल्या आणि दूरसंचाराच्या उपकरणांसाठी जन्मले होते, जी बंद न करता त्यांच्यातले तुकडे बदलता यावेत म्हणून. स्वतः बनवलेली चालती यंत्रणा मोडून दुसऱ्याचे प्रमाण स्वीकारायला मोठे मन लागते. आपल्याकडे समित्यांच्या बैठकीत हे किती वेळा घडते ते आपण जाणतोच. जेफ मॅकअॅफर या कामातले एक प्रमुख नाव. त्यांनी आणि ज्याँ-मिशेल लेम्यू यांनी २००५मध्ये आरसीपीवर पुस्तक लिहिले. माझा विद्यार्थी त्याची झेरॉक्स घेऊन फिरत असे.

या पायावर पुढे काय काय उभे राहिले त्याची यादी लांबेल. आयबीएमने २००७मध्ये लोटस नोट्सची आठवी आवृत्ती यावरच बांधली. नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीने मंगळावरच्या मोहिमांच्या आखणीची साधने यावर केली. नकाशांसाठी यूडिग, आकडेवारीच्या विश्लेषणासाठी नाइम, डेटाबेस पाहण्यासाठी डीबीव्हर. प्रागमधल्या विद्यार्थ्यांच्या प्रोजेक्टातून निघालेले नेटबीन्सही अशाच वळणाचे. ते सनने १९९९मध्ये घेतले आणि त्याच्याही पायावर लोकांनी स्वतंत्र प्रोग्राम बांधले. मी नेटबीन्स वापरले नाही, म्हणून त्याबद्दल जास्त बोलत नाही.

आमच्या कोशाकडे वळतो. आरसीपीत सुरुवात करणाऱ्यासाठी काही तयार नमुने मिळतात, त्यांतला एक ईमेलचा. माझ्या विद्यार्थ्याने तोच उचलला. म्हणून मी पहिल्यांदा कोश पाहिला तेव्हा डाव्या बाजूला 'इनबॉक्स' लिहिलेले होते आणि त्याच्या पोटात 'फाजील'. पुढच्या आठवड्यात इनबॉक्सच्या जागी अलिफ-बे आली आणि उजवीकडे तीन चौकटी.

मला सर्वांत मोठे नवल वाटले ते दिशेचे. आयबीएमला आपली साधने अरबी आणि हिब्रू लोकांनाही विकायची होती, त्यामुळे एक्लिप्समध्ये उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिप्यांची काळजी घेतलेली होती. प्रोग्राम सुरू करताना एक छोटी सूचना दिली की सगळी खिडकी आरशात पाहावी तशी उलटते. मेनू उजवीकडून सुरू होतो, झाडासारखी यादी उजवीकडे येते. आणि आमच्यासाठी महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक चौकटीला तिची दिशा स्वतंत्रपणे सांगता येत होती. उर्दूची चौकट उजवीकडून, मराठीची डावीकडून, दोघी एकाच खिडकीत. ज्या शहरात या दोन भाषांच्या शाळा एकाच इमारतीत दोन जिन्यांनी चढतात, तिथे मला हे पाहून काय वाटले ते सांगत बसत नाही.

दुसरी गोष्ट अक्षरांची. एक्लिप्सच्या खिडक्या एसडब्ल्यूटी नावाच्या भागातून बनतात. तो स्वतः अक्षरे रंगवत नाही, विंडोजला सांगतो की तू रंगव. त्यामुळे ज्या यंत्रावर विंडोज जोडाक्षरे नीट दाखवते तिथे आमचा कोशही नीट दाखवतो, आम्ही काहीही न करता. तोटाही तोच. सीडी मिळेपर्यंत जो त्रास झाला तो इथेही असता. आणि नस्तालीकचा प्रश्न सुटला नाही. नस्तालीक वरून खाली तिरकी उतरते, तिला ओळीत उंची लागते. यादीतल्या ओळी तेवढ्या उंच होत नव्हत्या, त्यामुळे शब्दांचे पाय कापले जात. नाइलाजाने यादीत नस्ख आणि मोठ्या चौकटीत नस्तालीक अशी तडजोड केली. मला ती आजही खटकते.

क्रमाचा प्रश्न मात्र सुटला. एक्लिप्ससोबत आयसीयू हे ग्रंथालय प्लग-इनच्या रूपात येत असे. त्यात भाषेनुसार क्रम लावता येतो आणि आपले नियमही देता येतात. एका शुक्रवारी नमाजनंतर आम्ही दोघांनी बसून उर्दूचा क्रम एका ओळीत लिहून दिला. 'पानी' आपल्या जागी आले.

आता 'स्वतंत्र प्रोग्राम' म्हणजे काय ते सांगतो, कारण आमचा कोश पुढे तिथेच अडकला. एक्लिप्सच्या आत चालणारे प्लग-इन ही एक गोष्ट. ते वापरायला समोरच्याकडे एक्लिप्स हवे आणि मराठीच्या शिक्षिका काही एक्लिप्स उतरवून घेणार नाहीत. आरसीपीत एक 'प्रॉडक्ट' फाइल करायची. प्रोग्रामचे नाव, चिन्ह, सुरुवातीचे चित्र आणि कोणकोणती प्लग-इन हवीत हे तीत लिहायचे. मग एक्स्पोर्टची आज्ञा दिली की एक फोल्डर तयार होते आणि त्यात आपल्या नावाची एक्झी फाइल. तरीही जावा लागतेच. ती समोरच्या यंत्रावर असेल याचा भरवसा नसतो, म्हणून फोल्डरात 'जेआरई' नावाने जावाही ठेवून द्यायची. सुरू करणारा प्रोग्राम आधी तिथे पाहतो.

माझ्या विद्यार्थ्याने हे शेवटचे केले नाही. फोल्डर फुगते म्हणून. तेव्हाचे पेनड्राइव्ह लहान होते, त्याला दोष देत नाही. शाळेतल्या यंत्रावर जावा होतीच, कोश चालला. चार वर्षे तो उत्तम चालला. हजारावर शब्द भरले गेले. मालवणीतल्या दोन-तीन शिक्षकांनीही तो नेला. विद्यार्थी नोकरीसाठी आखाती देशात गेला.

मग शाळेत नवे संगणक आले, त्यांवर ६४-बिटची जावा. आमचा कोश ३२-बिटचा. दोनदा क्लिक केले की एकच चौकट येई: 'फेल्ड टू लोड द जेएनआय शेअर्ड लायब्ररी'. जुने यंत्र भंगारात निघाले होते. मी घाबरलो. प्रोग्राम गेल्याचे दुःख नव्हते, शब्द कुठे आहेत तेच मला ठाऊक नव्हते. चार वर्षे रोज रात्री मी त्यांत भर घालत होतो आणि ते नेमके कुठल्या फाइलमध्ये जातात हे कधी विचारलेच नव्हते. वही होती, पण वहीत जेमतेम तीनशे.

विद्यार्थ्याला फोन लावला. तो म्हणाला, "सर, शब्दांचं प्लग-इन वेगळं आहे, खिडक्यांचं वेगळं. शब्द एका साध्या एक्सएमएल फाइलमध्ये आहेत, वर्कस्पेसमध्ये. नोटपॅडमध्येही उघडेल." जुन्या यंत्राची हार्डडिस्क सुदैवाने एका शिपायाने काढून कपाटात ठेवली होती. फाइल सापडली, उघडली, आणि उर्दू-मराठी दोन्ही जशीच्या तशी दिसली. ज्यांनी जुन्या फॉन्टमधले आपले आयुष्यभराचे लेखन नव्या यंत्रावर निरर्थक चिन्हांत बदललेले पाहिले आहे, त्यांना या क्षणाची किंमत कळेल.

दुरुस्ती केली ती माझ्या दुसऱ्या एका विद्यार्थिनीने, बऱ्याच वर्षांनी. तिने जावा शिकली ती पवईच्या आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल'मधून. तिथे एक्लिप्स वापरून जावा शिकवणारे धडे मराठीतून ऐकता येतात. तिने शब्दांच्या प्लग-इनला हात लावला नाही. खिडक्यांचे प्लग-इन नव्या एक्लिप्सवर पुन्हा लिहिले आणि ६४-बिटचा प्रॉडक्ट काढला. या वेळी जेआरई फोल्डरात आहे. "जागा लागू दे सर," ती म्हणाली. २०१८च्या अखेरीस एक्लिप्सने स्वतःच ३२-बिटच्या आवृत्त्या थांबवल्या, तेव्हा आमचे घर वेळेत हलले म्हणायचे.

आरसीपीचा बहर आता ओसरला आहे, हे मान्य करायला हवे. २०१२पासून चौथ्या आवृत्तीने रचना बदलली, ती शिकायला अवघड होती. लोक ब्राउझरकडे वळले. २०१३ नंतर इलेक्ट्रॉन आले. त्यात डेस्कटॉपच्या प्रत्येक प्रोग्रामसोबत एक पूर्ण ब्राउझर बांधून देतात. आमच्या जेआरईच्या जागेवरून कुरकुरणाऱ्यांनी हे पाहावे. एक्लिप्स घडवणाऱ्यांतले एरिक गामा पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली २०१५मध्ये व्हीएस कोड आले. तेही एक्स्टेन्शनवरच चालते. फरक असा की तिथे बाहेरच्या तुकड्याला खिडकीत हवे ते करू देत नाहीत, मोजक्याच जागा देतात. एक्लिप्समध्ये कोणीही कुठेही भर घाली आणि वेग मंदावे. त्यातून घेतलेला तो धडा असावा, असे मला वाटते. पण मोजक्या जागांत आमची दोन दिशांची खिडकी बसली नसती.

सध्या कोशात सतराशेच्या आसपास शब्द आहेत. 'हे'चा प्रश्न बाकी आहे. उर्दूतल्या दोन्ही 'हे' क्रमात एकत्र घ्याव्यात की वेगळ्या, यावर माझे आणि तिचे मतभेद आहेत. नियमांची ती एक ओळ बदलायची तर पुन्हा एक शुक्रवार लागेल. पावसाळा संपून बोट सुरू झाली की ती येणार आहे.